हॉटेलबद्दल खरं लिहिलं की लोक अंगावर का येतात? (इंदूर)

स्नेहलतागंजकर

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या रविवारी शहराच्या पश्चिमेकडे नवीन उघडलेल्या एका मराठी थाळीवाल्या हॉटेलात घरच्यांना घेऊन गेलो होतो. नाव इथे मुद्दाम देत नाहीये, विषय त्या एका हॉटेलाचा नाहीच. घरी आल्यावर कॉलनीच्या ग्रुपवर मी हे लिहिलं, जसंच्या तसं टाकतो:

"थाळी साडेतीनशेची. मसालेभात उत्तम, मसाला ताजा कुटलेला वाटला, तोंडल्याच्या फोडी शिजल्या होत्या पण मोडल्या नव्हत्या. पुरणपोळी जमलेली नाही. पुरण नीट वाटलेलं नव्हतं, डाळीचे कण दाताखाली येत होते, पोळी कडेला कोरी आणि पुरण सगळं मधे गोळा झालेलं. वरून जे वाढलं त्याला तुपाचा वास नव्हता. कटाची आमटी म्हणून आलं ते चिंचगुळाचं पातळ वरण होतं. अळूवडी आतून कच्ची, आईचा घसा खाजला. वाढणारी मुलं मात्र फार अगत्याची, म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून वाढत होती. वेळ दुपारी दोनची, गर्दी भरपूर."

एवढंच. यात शिवी नाही, टोमणा नाही, कुणाची जात-गाव काढलेलं नाही. पण त्यावर जे काय सुरू झालं! एक जण म्हणाले आपल्या माणसाने हिंमत करून इंदुरात मराठी हॉटेल काढलं तर तुम्ही पाय ओढा. दुसरे म्हणाले इतका निबंध कोण वाचतो, चांगलं की वाईट तेवढं सांगा ना भिया. तिसऱ्यांनी सरळ विचारलं की समोरच्या हॉटेलवाल्याने किती दिले. आणि एका काकूंनी लिहिलं की एवढं कळतं तर घरीच करून खा. त्याच ग्रुपवर त्याच हॉटेलबद्दल दोन दिवसांनी कुणीतरी "एक नंबर, पैसा वसूल, नक्की जा" आणि पाच आगीचे इमोजी टाकले, त्याच्याखाली बदामांचा पाऊस. तो माणूस तिथे काय जेवला हे त्यानेही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मला राग आला असं नाही, पण कोड्यात पडलोय. छोट्या, आपल्याच लोकांच्या हॉटेलबद्दल वाईट लिहावं का लिहूच नये? नीट तपशील देऊन लिहिण्याला काही अर्थ उरलाय का का आता सगळं स्टार आणि इमोजीवरच चालणार? आणि हो, घरून विचारतायत की यावरून कोर्टकचेरी होऊ शकते का. जाणकारांनी सांगा.

बियाबानी_बॉय

पूर्ण वाचलं भिया. मसालेभातासाठी जाणार आणि पुरणपोळी घेणार नाही, म्हणजे माझं काम झालं. लिहीत जा.

निवृत्त_केटरर

मी बरीच वर्षं इथे लग्नामुंजीचं केटरिंग केलंय, आता मुलगा बघतो. तेव्हा पलीकडच्या बाजूने सांगतो.

गिऱ्हाईक तोंडावर कधीही खरं सांगत नाही. हात धुताना विचारा, "छान होतं हो" म्हणेल आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला ऑर्डर देईल. आपल्याला कळतच नाही की कुठे गडबड झाली. तुम्ही लिहिलंय ना पोळी कडेला कोरी, पुरण मधे गोळा, हे वाचून मला इथे बसल्या बसल्या कळतं की आत काय होतंय. एक तर कणीक घट्ट आहे नाहीतर पुरण घट्ट आहे, दोन्ही सारखे मऊ असले तरच लाटताना पुरण कडेपर्यंत सरकतं, नाहीतर पारी पुढे पळते आणि पुरण जागच्या जागी राहतं. आणि कण लागतायत म्हणजे डाळ नीट शिजण्याआधी गूळ घातला, गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही, मग पुरणयंत्रातून काढा नाहीतर मिक्सर फिरवा, कण राहणारच. रविवारच्या गर्दीत बाईंनी घाई केली असणार. मालक शहाणा असेल तर हे चार ओळींचं लिखाण भिंतीवर चिकटवेल. "मजा नाही आली" असं कुणी लिहिलं असतं तर त्याने काय दुरुस्त केलं असतं सांगा?

फक्त लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्या असं मला मनापासून वाटतं. एक म्हणजे वेळ सांगायची, ती तुम्ही सांगितलीत, बरं केलंत. आपल्याकडच्या पोह्याचंच घ्या. इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर ठेवलेले असतात, सकाळी सातला गेलात तर दाणा न् दाणा सुटा, ओलसर, वर शेव कुरकुरीत. साडेअकराला त्याच ठेल्यावर गेलात तर खालचा थर गच्च झालेला असतो आणि वरचा सुकलेला. आता साडेअकराला जाऊन "पोह्याचे दगड" लिहायचं आणि वेळ सांगायची नाही हा अन्याय आहे. पण साडेअकरालाही तो पूर्णच पैसे घेतोय, त्यामुळे "उशिरा जाऊ नका, गच्च होतात" हे लिहिणं बरोबर.

दुसरं, जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते "वाटलं" म्हणून लिहा. तुम्ही "तुपाचा वास नव्हता" लिहिलंत, "डालडा वाढला" नाही लिहिलंत. यात फार फरक आहे. तेलाचंही तसंच. वापरलेल्या तेलाला सरकारी मर्यादा आहे, 2018 च्या जुलैपासून एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही असं केलंय, आणि ते मोजायला यंत्र लागतं. आपण खाणारे ते काही मोजू शकत नाही. पण तेल काळं होतं, कढईत फेस वर येत होता, खाल्ल्यावर घशाशी आलं, हे डोळ्यांनी आणि घशाने कळतं ना. तेवढंच लिहायचं.

सुदामानगर_२२

मी विरोधात आहे, शिव्या घाला हवं तर.

तुम्ही सगळे शौकीन लोक आहात, तुम्हाला लिहायला मजा येते. पण नवीन हॉटेल काढणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज असतं, जागेचं भाडं, दोन आचारी, चार पोरं, गॅसच्या टाक्या. सुरुवातीचे सहा महिने पुस्तकात तोटाच असतो. अशा वेळी ग्रुपवर एक जण पुरणाचे कण मोजतो आणि पन्नास घरं जायचं रद्द करतात. मोठ्या साखळीच्या हॉटेलाला काही फरक पडत नाही, मरतो तो छोटा. काउंटरवर जाऊन मालकाला बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं का? आपल्या माणसाला असं चव्हाट्यावर का आणायचं?

आणि खरं सांगू का, इंदुरात मराठी जेवणाची हॉटेलं आहेतच किती. हे पण बंद पडलं की मग बसा दालबाफले खात.

रामबागची_मावशी

सुदामानगर, तुझा मुद्दा फालतू नाहीये, म्हणून नीट उत्तर देते.

दालबाफल्यांना मात्र नावं ठेवू नकोस.

काउंटरवर सांगावं हे मला पटतं, मी सांगतेही. पण काउंटरवर सांगितलेलं मालकाला कळतं, पुढच्या रविवारी सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आठ माणसं घेऊन तिथे जाणाऱ्या बाईला कळत नाही. तिचे तीन हजार जाणार आहेत. तेही कुणाच्या पगारातूनच येतात ना? मालकाची मेहनत खरी आणि गिऱ्हाइकाची मेहनत काय झाडाला लागते? आपण सगळी दया काउंटरच्या त्या बाजूला वाटून टाकतो.

आता छोट्यामोठ्याचं. मी स्वतः ठेल्यावाल्याबद्दल वाईट लिहीत नाही. एखादी म्हातारी कोपऱ्यावर साबुदाण्याचे वडे तळते आणि ते तेलकट झाले तर मी गप्प बसते, कुणी विचारलं तर दुसरं नाव सांगते, संपलं. पण ज्याने एसी लावलाय, "अस्सल मराठी चव" असा दहा फुटी बोर्ड लावलाय, ग्रुपवर स्वतः जाहिरात टाकलीय, त्याने लोकांसमोर दावा केलाय. दावा केला की तपासणार. कटाच्या आमटीत कट आहे की नाही हे बघायलाच लोक जाणार तिथे.

आणि हे "आपला माणूस" प्रकरण मला कळतच नाही. आपल्या इथल्या सानंद संस्थेचं मराठी नाटक सुटलं की हॉलच्या बाहेर पार्किंगमधे उभं राहून आपण अर्धा अर्धा तास नाटकाची चिरफाड करतो, दुसरा अंक पडला, हिरॉइनीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत येत नव्हता, नेपथ्य कसलं भिकार. पुण्या-मुंबईहून रात्रभर बसमधून आलेली माणसं असतात ती. तेव्हा कुणाला कळवळा येत नाही की नट उपाशी मरेल. उलट इंदूरचा प्रेक्षक दर्दी म्हणून आपणच मिरवतो. मग जेवणाच्या बाबतीत दर्दीपणा कुठे जातो?

सुदामानगर_२२

मावशी नाटकाचं तिकीट एकदाच, हॉटेलवाल्याला रोज दुकान उघडायचंय. पण ठीक आहे, बोर्डवाला मुद्दा मान्य.

एमजीरोड_वकील

कोर्टाचं विचारलंय म्हणून लिहितो, हा सल्ला नाही, माहिती समजा.

बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मधे आहे, 1 जुलै 2024 पासून, त्याआधी आयपीसी 499-500 होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेची शिक्षा पण घातलीय. ऐकून घाबरू नका. याच कलमात अपवाद दिलेले आहेत आणि ते जुन्या कायद्यातूनच आलेत. लोकहितासाठी खरी गोष्ट सांगणं हा पहिलाच अपवाद. लोकांच्या पसंतीसाठी जे समोर मांडलंय त्याच्या गुणदोषांबद्दल चांगल्या भावनेने मत देणं हाही एक अपवाद आहे. ताटात वाढलेल्या पुरणपोळीला तो कितपत लागतो यावर दोन वकील तासभर भांडू शकतात, पण तुम्ही लिहिलंय त्यात मला तरी काही दिसत नाही. नोटीस मात्र कुणीही कुणालाही पाठवू शकतो, त्याला कोण अडवणार.

लोक अडकतात ते वेगळ्याच वाक्यांमुळे. "मालक चोर आहे." "इथे शिळं वाढतात." "किचनमधे उंदीर फिरतात", आणि किचन पाहिलेलंच नसतं. शिळं वाढतात हा आरोप झाला, भाताला आंबूस वास येत होता हा अनुभव झाला. वरती केटररकाकांनी अर्धी वकिली करूनच टाकलीय.

बिल जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. बिलावर 14 आकडी एफएसएसएआय नंबर असायला हवा, जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे. खरोखर झुरळ निघालं, पोट बिघडलं तर रिव्ह्यू लिहून थांबू नका, त्या नंबरासकट फूड सेफ्टीकडे तक्रार करा, ती वेगळी गोष्ट आहे आणि तिची वेगळी जागा आहे. सर्व्हिस चार्ज परस्पर लावला असेल तर तेही लिहा, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मधेच सांगितलंय की हॉटेलने तो आपोआप बिलात जोडायचा नाही आणि मार्च 2025 मधे दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. हे लिहिण्याने कुणाची बदनामी होत नाही.

चटोरा_पुतण्या

मी फूड रील बनवतो, तर थोडं माझ्याकडून. सगळे आम्हाला शिव्या देतात की "मस्ट ट्राय" सोडून काही बोलत नाही. पण लोकांना तेच बघायचंय! मी एकदा एका कचोरीबद्दल सरळ बोललो की आतला मसाला आंबलाय, व्ह्यूज अर्धे आले आणि खाली सगळे मलाच शिकवायला लागले. चीज ओढतानाचा शॉट टाका, लाखात जातं. तीस सेकंदात पुरणाचे कण कुठून सांगू?

आणि हो फुकट बोलावतात, जातो. सगळेच जातात.

एमजीरोड_वकील

पुतण्या, जा खुशाल, पण सांगायला लागतं. जानेवारी 2023 मधे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सर लोकांसाठी सूचना काढल्यात, पैसेच नाही तर फुकट वस्तू, सवलत, फुकट ट्रिप, काहीही मिळालं असेल तर ते जाहीर करायचं. जाहिरात परिषदेची नियमावली तर 2021 ची आहे. फुकटची थाळी पण त्यातच आली.

बडोद्याहून_इंदूरला

मधेच बोलतो, मी मूळचा बडोद्याचा, नोकरीमुळे इथे. आमच्याकडे सेव-उसळीवरून घराघरात दोन पार्ट्या असतात, तरी कशी हवी, वर सेव किती, पाव शेकलेला का नुसता. तिथेही असंच आहे, तोंडाने वाट्टेल ते बोलतील, लिहिलं की राग. बोललेलं हवेत जातं ना.

एक तक्रार माझी पण. बाहेरून आलेले लोक इथलं खाऊन जे लिहितात ते पण प्रामाणिकच असतं, पण डोकं फिरतं. "पोह्यात बडीशेप कोण घालतं?" "पोह्यावर जिलबी काय, हे काय कॉम्बिनेशन?" "आमच्या पुण्यात असं नसतं." अरे मग पुण्यातच खा ना.

रामबागची_मावशी

बडोदेकर, अगदी मनातलं बोललात. प्रामाणिक असून उपयोग नाही, पदार्थ काय व्हायचा होता ते माहीत पाहिजे. इंदुरी पोहे वाफेवरचे, किंचित गोडसर, बडीशेपेचे, वर जीरावन मसाला आणि शेव, ते तसेच असतात आणि तसेच असावेत. त्यांना कोकणातल्या फोडणीच्या पोह्याची पट्टी लावायची नाही. हां, जीरावन जुनं असेल, वास उडालेला असेल, नुसतं मीठतिखट लागत असेल, शेव मऊ पडली असेल तर बोला, कारण तो इंदुरी पोहे म्हणूनच चुकलाय.

सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला भुट्ट्याचा कीस बघा. मका किसलेला हवा, वाटलेला नाही, तुपावर परतायचा, मग दूध घालून ते आटेपर्यंत हलवत बसायचं, हिंग, हिरवी मिरची, वरून लिंबू-कोथिंबीर. देशी भुट्ट्याचा असेल तर त्याला एक चिकटसर दाटपणा येतो आणि दाणा किंचित दाताला लागतो. स्वीट कॉर्नचा केला की गोड गोड आणि पाणचट, कितीही आटवा. आता हे माहीत असलेला माणूस "स्वीट कॉर्न वापरतात, गोडुस लागतो, मिरची वाढवून मागा" असं एका ओळीत लिहील आणि ती ओळ वाचणाऱ्याच्या कामाची. माहीत नसलेला लिहील "यमी, थोडा गोड होता, 4 स्टार". दोघेही खोटं बोलत नाहीयेत.

गराडू या कंदाचं पण तेच. थंडीतच खायचा पदार्थ, आधी तळून ठेवतात आणि मागितलं की पुन्हा तळतात. दुसऱ्या वेळचं तेल कडकडीत नसेल तर बाहेरून कुरकुरीत होतच नाही, तेल पिऊन बसतो. ज्याला हे ठाऊक आहे तो कढईकडे बघून मग ऑर्डर देतो.

आता स्नेहलतागंजकर, तुमच्या लिखाणाबद्दल. शाळेत मराठी शिकवत होते, सवय जात नाही. तुमचं लिखाण चांगलं आहे. का चांगलं आहे, तर त्यात "अप्रतिम", "लाजवाब", "जिभेवर रेंगाळणारी चव", "खवय्यांसाठी पर्वणी" यातलं एकही नाही. हे शब्द छापील पत्रावळीसारखे आहेत, कुठल्याही पदार्थाखाली ठेवा. "तोंडल्याच्या फोडी शिजल्या होत्या पण मोडल्या नव्हत्या" हे फक्त त्याच भाताबद्दल म्हणता येतं. जो म्हणाला ना की इतका निबंध कोण वाचतो, त्याला सांगा की दहा ओळी आहेत, क्रिकेटवर तू याच्या चौपट लिहितोस.

एकच काढा. "पुरणपोळी जमलेली नाही" हे वाक्य आधी आलंय, पुरावा नंतर. आधी कण, मग कोरी कड लिहा, जमलं नाही हे वाचणारा आपलं आपण म्हणेल, आणि मालकालाही ते कमी टोचेल. आणि अगत्याने वाढणाऱ्या मुलांचं शेवटून दुसऱ्या ओळीत का ढकललंत? लोक पुरणापर्यंत येऊन चिडले आणि पुढचं वाचलंच नाही. मसालेभाताच्या पाठोपाठ घाला.

निवृत्त_केटरर

मावशींना दंडवत. एवढी बारकाईने माझी भाजी कुणी तपासली असती तर मी एक तर सुधारलो असतो नाहीतर पळून गेलो असतो.

बियाबानी_बॉय

एक शंका, मग स्टारचं काय करायचं? ॲपवर तर स्टार दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मी बघतो तर सगळीकडे 4.2, 4.3, चांगलं-वाईट सगळं एकाच भावात.

निवृत्त_केटरर

स्टारमधे डिलिव्हरीवाला पोरगा उशिरा आला, सांबार सांडलं, पार्किंग नव्हतं, सगळं मिसळलेलं असतं. चटणी खराब होती म्हणून एक स्टार आणि चटणी जास्त दिली म्हणून पाच. मुलाला मी सांगतो आकडा बघू नकोस, तीन स्टारवाले रिव्ह्यू वाच, त्या लोकांकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. आणि विकत घेतलेले पाच स्टार ओळखायला येतात, एकाच आठवड्यात दहा-बारा, सगळ्यांत हॉटेलचं पूर्ण नाव एरियासकट, आणि एकातही पदार्थाचं नाव नाही. मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मधे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 म्हणून मानक काढलं, लिहिणारा खरा माणूस आहे की नाही ते तपासा वगैरे, पण ते ऐच्छिक ठेवलं, त्यामुळे तुम्हीआम्ही डोळे उघडे ठेवलेले बरे.

आणि सरकारी शिक्क्याचा अर्थ पण लोक चुकीचा घेतात. आपल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीला 2019 मधे स्वच्छ स्ट्रीट फूड हबचा दर्जा मिळाला, अभिमानाची गोष्ट आहे, हातमोजे, पाणी, कचरा सगळं तपासून देतात. पण ती स्वच्छतेची पावती आहे, चवीची नाही. तिथल्या प्रत्येक प्लेटबद्दल मत द्यायला आपण मोकळे आहोत.

सुदामानगर_२२

बरं एक विचारू का मंडळी, चिडू नका. समजा स्नेहलतागंजकरांनी लिहिलं आणि त्या माणसाने पुरणाची बाई बदलली, सगळं सुधारलं. मग ती जुनी पोस्ट तशीच राहणार ना? दोन वर्षांनी कुणी शोधलं तरी "डाळीचे कण" दिसणार. याचं काय?

रामबागची_मावशी

हा प्रश्न खरा आहे. याला एकच उपाय, तारीख घालायची आणि पुन्हा जायचं. नवीन हॉटेलाला तर महिन्या-दोन महिन्यांनी दुसरी संधी द्यावीच आणि सुधारलं असेल तर तितक्याच तपशिलाने लिहावं, "आता बरं आहे" असं उडतउडत नाही. वाईट लिहायला दहा ओळी आणि चांगलं लिहायला अंगठा, असं केलं तर तू म्हणतोस तो पाय ओढण्याचा आरोप खराच ठरेल.

तो टायरवाल्या मिशेलिनचा प्रकार ऐकलाय ना, 1926 पासून हॉटेलांना स्टार देतात. त्यांची माणसं ओळख न देता जातात, बिल स्वतः भरतात, आणि दिलेला स्टार पुढच्या वर्षी काढूनही घेतात. आपल्याला स्टारबिर नको, पण ओळख न देता जा, पैसे भरा, परत जा, एवढं तर कॉलनीतल्या माणसालाही जमतं.

स्नेहलतागंजकर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मावशींचे दोन्ही बदल केले, तारीख घातली आणि ग्रुपवर पुन्हा टाकलं. घसा खाजण्याचं तसंच ठेवलंय, ते आईला विचारूनच लिहिलं होतं. घरी वकीलसाहेबांचा निरोप वाचून दाखवला, बायको म्हणते बिल आधी शोधा.

काकूंना अजून उत्तर दिलेलं नाही. "घरी करून खा" याला काय म्हणायचं? घरी तर करतोच, म्हणून तर कण कळले.

सुदामानगर, दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे, मधल्या वारी, गर्दी नसताना. येता का? पुरणपोळी तुम्ही मागवा आणि लिहा पण तुम्हीच, मी फक्त भात खाणार.

सुदामानगर_२२

येतो. पण बिल अर्धं अर्धं, नाहीतर म्हणाल मॅनेज झालो.

चटोरा_पुतण्या

मी पण कॅमेरा घेऊन येऊ का? शूट करताना मालकाला आधी सांगावं लागेल, मग ते फुकट खायला घालतीलच.

रामबागची_मावशी

मग कॅमेरा घरी ठेव आणि ये. आणि त्या आधीच्या फुकटच्या कचोऱ्यांचं काय करणार आहेस?

चटोरा_पुतण्या

मावशी खाली टाकतो ना, हॅशटॅगमधे.

एमजीरोड_वकील

हॅशटॅगांच्या गर्दीत नाही चालत, स्पष्ट दिसेल असं लिहायचं, व्हिडिओत असेल तर व्हिडिओतच. सूचनांमधे तसंच आहे.

चटोरा_पुतण्या

बरं बाबा. आजच्या रीलवर टाकलंय, "आलू टिक्की दुकानदाराकडून फुकट". दुकानदाराचा फोन येऊन गेला.